एका डिस्कच्या पाच चुली

कान जरा जवळ आणा. लॅपटॉपवर तळहात टेकवला की खाली बारीक घरघर लागते ना, ती मी. मी हार्ड डिस्क. लोक पडद्याशी बोलतात, बटणांवर राग काढतात, आणि जपून ठेवायचं ते सगळं माझ्याकडे टाकून निघून जातात. आजवर मी फक्त ठेवून घेत आले. आता माझी घरघर कमी आणि करकर जास्त झाली आहे, म्हणून म्हटलं, आपलंही थोडं सांगून टाकावं.

माझा जन्म एका झगझगीत कारखान्यात झाला. तिथली माणसं डोळे सोडून सगळं अंग झाकून घ्यायची. माझ्या अंगावर धुळीचा कण पडू नये म्हणून. माझ्या पोटात आरशासारखी चकती बसवली आणि तिच्यावर एक इवलासा काटा. हा काटा चकतीला टेकत नाही. चकती फिरली की मधे हवेचा पातळ थर तयार होतो, त्यावर तो तरंगतो. म्हणजे माणसांसारखंच, आमचंही सगळं हवेवर चालतं. भरपूर हवा असेल तिथंच हिला ठेवा, असं सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं. तो कागद कोण वाचतो!

जहाजातून बंदरात, बंदरातून ट्रकमध्ये, आणि ट्रक जो डोंगर चढायला लागला तो थांबेचना. थांबला तेव्हा आम्ही एल आल्तोला होतो, डोंगरमाथ्यावरच्या, विरळ हवेच्या शहरात. इथं विमानातून उतरलेली परकी माणसं पहिल्या दिवशी भिंतीला धरून चालतात. मी तर बोलूनचालून चकती. पहिल्यांदा मला सुरू केलं तेव्हा काटा इतका खाली आला की मला वाटलं, जन्माला आले आणि संपले. पण सवय होते. इथं सगळ्यांनाच होते.

मला सुरू करणारी होती डोन्या बासिलिया, म्हणजे बासिलियाबाई. बाजारात तिची लॅपटॉपची टपरी होती. डोक्यावर गोल टोपी, कमरेला पोलेरा नावाचा घेरदार घागरा, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, आणि घागऱ्याच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर. टपरीच्या मागं तिच्या सूपचं भांडं सदा मंद आचेवर असायचं. लॅपटॉप उघडता उघडता ती मधेच जाऊन ते ढवळून यायची.

एका गुरुवारी, भर बाजाराच्या दिवशी, तिच्यासमोर एक जोडपं येऊन उभं राहिलं. बाई पुढं, नवरा मागं. बाईचं नाव एमेतेरिया. ती सकाळी चौकात जांभळ्या मक्याचं गरम आपी आणि चीज भरलेल्या पुऱ्या विकायची. नवरा सेवेरो लग्नांचं, जत्रांचं, नाचांचं चित्रण करायचा. लॅपटॉप हवा होता सेवेरोला. पण घासाघीस त्याला जमत नसे. विक्रेत्यानं किंमत सांगितली की तो "बरोबर आहे" म्हणायचा. म्हणून खरेदीला एमेतेरिया.

किंमत ठरली. माउस मिळाला, पिशवी मिळाली. तरी एमेतेरिया हलेना.

"आणि यापा?" ती म्हणाली.

यापा म्हणजे विकत घेतलेल्यावर वर घातलेलं. बटाटे घेतले की वर दोन बटाटे, ब्रेड घेतला की वर एक ब्रेड. यापा मागितली नाही तर विकणारीलाही चुकल्या चुकल्यासारखं होतं.

"माउस दिला ना, कासेरा," बासिलिया म्हणाली. इथं गिऱ्हाईक विकणारीला कासेरा म्हणतं आणि विकणारी गिऱ्हाइकाला.

"माउस तर हक्काचा. उंदराशिवाय कुणी घेतं का हे? यापा वेगळी."

"अगं, लॅपटॉपवर काय यापा घालू? अर्धा लॅपटॉप?"

"ते तू बघ. मी रोज गिऱ्हाइकाच्या पेल्यात वर अर्धी पळी आपी घालते. हात आखडला तर उद्या कोण येईल?"

बासिलियानं सूप ढवळलं. विचार केला. मग चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्यापाशी बसली.

"बरं. तुला एकीच्या पाच डिस्क करून देते. आहेस कुठं!"

आणि तिनं माझी वाटणी केली. खरं सांगते, दुखलं काहीच नाही. भिंती काही विटांच्या नव्हत्या. माझ्या सुरुवातीच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो, कोणाची हद्द कुठून कुठपर्यंत ते सांगणारा. त्यात तिनं रेषा ओढल्या, एवढंच. बाजारात याला पार्टिशन म्हणतात. मी आपली खोल्या म्हणते. पहिल्या खोलीत लॅपटॉपचा कारभार. दुसरीत तिनं गाणी कोंबली, तिसरीत मारामारीचे सिनेमे, चौथीत खेळ, आणि पाचवीत काहीच नाही, नुसतं एका धबधब्याचं चित्र. अगदी टोकाला कारखान्यानंच बांधलेली एक छोटी कुलूपबंद कोठी होती. मी आजारी पडले तर मला पुन्हा उभं करायचं औषध तिच्यात होतं. तिला बासिलियानं हात लावला नाही.

एका घरात पाच चुली झाल्या. अंगण वाढलं नाही, इंचभरसुद्धा नाही. पण एमेतेरियानं पडद्यावर पाच चित्रं ओळीनं बघितली आणि तिचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर वाटलं, खरंच आपण पाच झालो.

तिनं मला आग्वायोत, पाठीवर बांधायच्या रंगीत विणलेल्या कापडात, गुंडाळलं, तान्ह्या लेकरासारखं पाठीला बांधलं आणि घरी नेलं.

घरात नवी वस्तू आली की तिच्यावर बिअर शिंपडायची, पाचामामाला, भूमातेला, पहिला घोट द्यायचा, मगच ती वापरायची. एमेतेरियानं माझ्या झाकणाला कागदी फिती गुंडाळल्या, चमकीचे ठिपके उधळले आणि बाटली उचलली.

"अगं, यंत्र आहे ते!" सेवेरो ओरडला. "थेंब आत गेला तर?"

"थेंब नाही गेला तर नशीब आत कसं जाणार?"

"बरं, एक थेंब. जमिनीवर."

"एक कसा? पाच आहेत आत. एकीला पाजायचं आणि चौघींना कोरडं ठेवायचं? रुसतील की."

म्हणून पाच वेळा शिंपडली. तिसऱ्या वेळी दोन थेंब बटणांत गेले आणि तेव्हापासून एक बटण कायमचं चिकट झालं. पण माझं नशीब खरंच उघडलं असावं, कारण एवढ्या विरळ हवेत मी पुढं जितकी जगले तितकी कारखान्यातल्या कुणाची अपेक्षा नसणार.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या सगळ्या विक्रेत्या बायकांना कळलं होतं की एमेतेरियाकडे पाच डिस्कवाला लॅपटॉप आहे.

सेवेरोच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. तो नाचणाऱ्यांच्या समोर कॅमेरा खांद्यावर घेऊन उलटा चालतो. दिवसभर उलटा. त्याच्या पाठीला डोळे नाहीत, म्हणून त्याच्या टाचांनी या शहराचा प्रत्येक खड्डा पाठ केला आहे. आणि तो चित्रणात काहीही कापत नाही. कापता येतच नाही. पंगतीत वाढताना जसं कुणाचं पान चुकवायचं नसतं, तसं इथं चित्रफितीत कुणाला वगळायचं नसतं. पहिल्या रांगेतली नवरी दिसावी तितकाच शेवटच्या रांगेतला पाहुणा दिसला पाहिजे. फीत परदेशी जाते, पोराबाळांकडं, आणि तिथं ती थांबवून थांबवून बघतात: ही मावशी, हा काका, हा बघ आपला कुत्रा.

त्या वर्षी त्यांच्या वस्तीच्या उत्सवाची यजमानीण होती डोन्या प्लासिदा, एमेतेरियाची कोमाद्रे. एमेतेरियाच्या लेकीच्या बारशाला प्लासिदा धर्ममाता झाली होती, तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांची. प्लासिदाच्या वडिलांना सगळे ताता इलदेफोन्सो म्हणत. मोरेनादा हा मुखवट्यांचा नाच नाचणाऱ्या मंडळात ते सगळ्यांत वयस्क. म्हाताऱ्याचा मुखवटा घालून रांगेच्या अगदी शेवटी नाचायचा मान त्यांचा. त्यांच्या मागं फक्त बँड आणि कुत्री.

उत्सव जोरात झाला. सेवेरोनं दोन दिवस चित्रण केलं. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की धावत घरी यायचा, माझ्यात ओतायचा, कार्ड पुसून पुन्हा पळायचा. पहिल्या दिवसाची मिरवणूक त्यानं पाचव्या खोलीत टाकली, धबधब्याशेजारी. दुसऱ्या दिवशी ती भरली. मग चौथीतले खेळ काढून तिथं मधला भाग ठेवला. शेवटी तिसरीतले निम्मे सिनेमे उडवले आणि शेपूट तिथं खुपसलं. म्हणजे उत्सवाचं डोकं एका खोलीत, पोट दुसरीत, पाय तिसरीत. माझ्याशिवाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नंतर सेवेरो फीत जोडायला बसला. सगळं ओळीनं लावलं, नावं घातली, आणि शेवटचं बटण दाबलं. मी फिरले, फिरले, आणि पडद्यावर आलं: जागा अपुरी.

त्यानं दुसरी खोली निवडली. जागा अपुरी. तिसरी. अपुरी. एकूण जागा भरपूर होती हो! पण लांबच लांब सतरंजी आणि पाच लहान खोल्या. कुठल्याच खोलीत ती उलगडत नव्हती.

"बाहेरची एक डिस्क घ्यायला हवी," सेवेरो म्हणाला. आधीची गेल्या वर्षीच्या नाचात कुणाच्या तरी टाचेखाली गेली होती.

"पाच असताना सहावी?" एमेतेरियानं विचारलं. "लोक हसतील."

"मग भिंती पाडून एक मोठी खोली करावी लागेल."

एमेतेरियानं हातातली पळी खाली ठेवली. "म्हणजे पाचाची एक? तुला हिशेब येतो का रे?"

"अगं, जागा तेवढीच राहते."

"तेवढीच कशी राहील? पाच पिशव्या दिल्या आणि एक पिशवी घेतली, तर काय म्हणतील तुला बाजारात? आणि यापा परत करतात का कधी? माझ्या आईनं आयुष्यात यापा परत केली नाही. नशीब तोंड फिरवतं."

सेवेरोनं लॅपटॉप मिटला. घासाघीस त्याला घरीही जमत नसे.

त्याच आठवड्यात प्लासिदा आली. सोबत ब्रेडची टोपली, आणि काठी टेकत ताता इलदेफोन्सो. ताता दाराबाहेर उन्हात बसले. प्लासिदा आत आली.

"झाली का फीत, कोम्पाद्रे?"

"होत आली, कोमाद्रे. फक्त... दोन भागांत द्यावी म्हणतो."

प्लासिदानं टोपली टेबलावर ठेवली, पण हात टोपलीवरच राहिला.

"दोन भागांत नको."

"तसं फार काही—"

"गेल्या वर्षीच्या यजमानानं दोन भागांत केली होती. दुसरा भाग कुणी लावला? सांगा ना, तुम्ही लावलात? लोक पहिला बघतात, जेवतात, घरी जातात. पाववाल्यांचा गट दुसऱ्या भागात होता. मंडळ सोडून गेले ते. म्हणाले, आम्हाला शिळ्या भाकरीसारखं मागं टाकलं." तिनं दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "आणि तेव्हाच रेमिहिओचा ब्युनोस आयर्सहून फोन आला होता. माझा भाऊच तो. काय विचारतो? 'ताता या वर्षी नाचले नाहीत का गं?' फोन मोठ्या आवाजात होता. तातांनी ऐकलं."

मी फिरायची थांबले.

"मग दर्जा थोडा कमी करून—" सेवेरो म्हणाला.

"चेहरे पिठल्यासारखे दिसतील असं तुम्हीच मागं म्हणाला होतात."

बाहेरून ताता ओरडले, "काय खलबतं चाललीत? मला पुढं नाचवायचं असेल तर तसं सांगा! मी फीत उलटी लावेन आणि पहिला येईन!"

"तुम्ही शेवटीच नाचायचं, ताता!" प्लासिदा ओरडली. "आणि शेवटीच दिसायचं!" मग हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील की नाही, कुणास ठाऊक."

एमेतेरियानं पुऱ्यांचं पीठ मळता मळता हे सगळं ऐकलं. प्लासिदा गेल्यावर हात धुतले, टोपी घातली आणि मला आग्वायोत गुंडाळलं.

"कुठं?" सेवेरोनं विचारलं.

"जिथून आणली तिथं. तू चल, पण बोलू नकोस."

बासिलिया सूप पीत होती.

"कासेरा," एमेतेरिया म्हणाली, "खरं सांग. पाच डिस्क दिल्यास की एक?"

बासिलियानं वाटी खाली ठेवली. "तू मागितलीस यापा. मी एक ब्रेड घेतला, पाच तुकडे केले, ताटात मांडले. तुला इतका आनंद झाला! माझ्याकडं तरी दुसरं काय होतं वर घालायला?"

शेजारच्या टपरीवरची चार्जरवाली फसकन हसली. पलीकडची मोज्यांची विक्रेतीही हसली. एमेतेरियाचे कान लाल झाले. मला वाटलं, आता इथं भांडण पेटतं आणि मी जमिनीवर आपटते. पण एमेतेरियाही हसायला लागली. विकणाऱ्या बाईला विकणाऱ्या बाईची युक्ती कळते. दाद द्यावीच लागते.

"चौकात सगळ्यांना सांगून बसले गं मी!" ती डोळे पुसत म्हणाली. "आता ब्रेड परत सांध."

"सांधते. पण तुकडे रिकामे आहेत का?"

"दोन तुकड्यांत उत्सव आहे," एमेतेरिया म्हणाली.

"तीन," सेवेरो म्हणाला. बोलू नकोस सांगितलेलं असूनही.

बासिलिया गंभीर झाली. "कार्डं आहेत?"

"पुसली."

"म्हणजे जे आहे ते इथंच. मग एकदम पाडता येणार नाही. एक भिंत पाडायची, पहिली खोली तेवढी वाढवायची, पुढच्या खोलीतली माणसं तिच्यात आणायची, मग पुढची भिंत."

सेवेरोचं तोंड पांढरं पडलं. एमेतेरियानं त्याला मांसाचे समोसे आणायला पिटाळलं. "तू इथं उभा राहिलास तर तुझ्या श्वासानंच काहीतरी बिघडेल," ती म्हणाली.

भिंती पाडायच्या आधी एमेतेरियानं बाटली उघडली. "रागावू नका गं," ती माझ्या खोल्यांना म्हणाली, "परत करत नाही तुम्हाला, एकत्र नांदवतेय." या वेळी मात्र तिनं जमिनीवर ओतली.

दुसरी खोली सोपी गेली. तिच्यात गाणीच होती. एमेतेरियानं दोन ठेवून घेतली, बाकीची गेली. बासिलियानं रेषा पुसली आणि पहिली खोली एकदम ऐसपैस झाली. काय सांगू तुम्हाला! इतके महिने पाय पोटाशी घेऊन बसलेल्या माणसानं पाय पसरावेत तसं झालं मला.

"आता ओळीनं तिसरी. तिच्यात काय आहे?" बासिलियानं विचारलं.

"शेपूट. म्हणजे ताता."

तिसरीतला नाच पहिलीत यायला लागला. मी एक एक तुकडा उचलत होते आणि जपून ठेवत होते. तो पुरा उतरला आणि एमेतेरियानं उघडून बघितला. ताता होते, मुखवट्यासकट. भिंत पडली.

मग चौथी, उत्सवाचं पोट. आणि इथं घात होता. कार्ड पुसलं की कॅमेरा पुन्हा पहिल्यापासून आकडे टाकतो. त्यामुळं मधल्या भागाच्या तुकड्यांची आणि शेवटच्या भागाच्या तुकड्यांची नावं अगदी तीच होती. खोल्या वेगळ्या होत्या तोवर कुणाचं अडलं नाही. आता दोघं एका दारात आले. पडद्यावर प्रश्न आला: या नावाचं इथं आधीच आहे. त्याच्या जागी हे ठेवू का?

बासिलिया दिवसातून शंभर वेळा हा प्रश्न बघायची आणि 'हो' म्हणायची. गाण्यांच्या बाबतीत काय बिघडतं? तिचं बोट उठलं. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. तिनं 'हो' म्हटलं असतं तर ताता ज्या जागेवर नाचत होते तिथं मी, माझ्याच हातानं, दुसऱ्या कुणालातरी नाचवलं असतं.

"थांब," एमेतेरिया म्हणाली. "काय विचारतंय ते?"

"काही नाही गं. तेच आहे म्हणतंय, बदलू का म्हणतंय."

"तेच कसं? हे चौथीतून आणतोय, ते तिसरीतून आणलं."

"नाव तेच आहे."

"आमच्या मंडळात तीन प्लासिदा आहेत. नाव एक म्हणून त्यांतल्या दोघींना घरी पाठवू?"

बासिलियाचं बोट हवेतच राहिलं. तिनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि तिच्या कपाळावर घाम आला. एल आल्तोच्या थंडीत. खाली तिसरा पर्याय होता: दोन्ही राहू द्या. तिनं तो दाबला, अगदी हळू, बाळाच्या गालाला लावावं तसं बोट लावून.

त्यानंतर त्या दोघींनी एकही भिंत एकमेकींना विचारल्याशिवाय पाडली नाही. प्रत्येक तुकडा उघडायचा, कोण दिसतंय बघायचं, मग पुढं. बघता बघता टपरीभोवती गर्दी झाली. "ही बघ माझी नणंद!" "अय्या, हा कसा नाचतोय, पायाला मुंग्या चावल्यासारखा!" चार्जरवालीनं तर गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं. सेवेरो समोसे घेऊन आला तेव्हा पाचवी खोलीही रिकामी झाली होती आणि समोसे गार.

शेवटची रेषा पुसली. कुलूपबंद कोठी तेवढी टोकाला राहिली, बाकी सगळं एकच एक लांबरुंद दालन.

"झालं," बासिलिया म्हणाली. "आणि आता यापा मागू नकोस. पाच भिंती पाडल्यात."

"चार," एमेतेरिया म्हणाली. "पाच खोल्यांच्या मधे चार भिंती असतात. मोजता येतं मला."

फीत बनवायचं काम मला रात्रभर पुरलं. सतरंजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडली, कुठंही दुमडली नाही.

चौकात एमेतेरियानं जाहीर केलं, "आता एकच आहे. पण अशी एक, की पाचांना पोटात घेईल." बायकांना हे आधीपेक्षाही भारी वाटलं.

फीत प्लासिदाच्या अंगणात, दिवस कलल्यावर, चुन्याच्या भिंतीवर दाखवली. प्लासिदा माणसं ओळखून होती. आपण दिसलो की लोक उठतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं फाटक लावलं, जेवणाची भांडी झाकली आणि सांगितलं, "ताट शेवटचा माणूस नाचून गेल्यावर." पाववाल्यांनाही बोलावलं होतं. ते मागं, हात बांधून उभे होते. ब्युनोस आयर्सहून रेमिहिओ फोनच्या पडद्यातून बघत होता; फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता.

लोक चुळबुळले, भुकेनं कुरकुरले, पण बसले. पाववाले दिसले तेव्हा टाळ्या पडल्या आणि त्यांचे बांधलेले हात सुटले. आणि मग, सगळ्या रांगा गेल्यावर, ताता आले. गुडघा अवघडत होता, पण पाय तालात होता. कॅमेऱ्यासमोर येऊन त्यांनी मुखवटा वर केला आणि म्हणाले, "पोरा, मागं बघ, नवा खड्डा आहे."

सेवेरोनं मागं बघितलं नाही. चित्रात एकदम आभाळ आलं. निळंशार, हलणारं आभाळ. मग त्या आभाळात कडेनं ताता वाकले, आणि त्यांच्या मागून तुतारीवाला डोकावला. सेवेरोनं हेही कापलं नव्हतं. अंगण हसून हसून लोटपोट झालं. साखरेच्या बरणीपाशी रेमिहिओ हसत होता आणि मधेच त्याचा चेहरा पडद्यातून बाजूला गेला, नाक पुसायला असावा.

"दिसलो की नाही?" ताता सगळ्यांना विचारत फिरत होते. "शेवटी होतो, पण दिसलो की नाही?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. सेवेरोनं नवा लॅपटॉप घेतला, त्यात माझ्यासारखी फिरणारी चकतीच नाही. मला त्यानं एका छोट्या डबीत बसवलं आणि खिडकीपाशी ठेवलं. माझी करकर वाढली आहे. काटा कधी कधी चकतीच्या फार जवळ येतो. हवा इथली विरळच राहिली.

ताता गेले. त्या नाचानंतर दोन वर्षांनी, अंथरुणात, शांतपणे. नोव्हेंबरात इथं गेलेल्यांचे आत्मे घरी जेवायला येतात. प्लासिदा टेबल मांडते: पिठाची माणसं, ऊस, फळं, त्यांची आवडती बिअर. आणि मला न्यायला येते. भिंतीवर फीत लावते, पहिल्या रांगेपासून. कुणीतरी दरवर्षी म्हणतं, "शेवटचाच भाग लाव ना, त्यांना तोच बघायचा असेल." ती ऐकत नाही. "ते पंगत मोडून पुढं आले असते का कधी?" म्हणते. मग सगळे बसतात. मी दमते, करकरते, पण मधे थांबत नाही.

निरोप घेण्यापूर्वी माझं एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुठंतरी माझी एखादी बहीण असेल, कपाटात, फडक्यात गुंडाळलेली. तिच्यात कुणाचं लग्न असेल, कुणाची जत्रा. कधीतरी तिला जोडा. आणि तुम्ही स्वतः दिसलात की उठू नका. जेवण जरा गार होऊ द्या. रांगेच्या टोकाला कुणीतरी अजून नाचत असतं.